आखाजीची तारीख

जळगावात सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या हितेंद्रभाऊंचं प्लॅनिंग मीटिंगरूममध्ये होत नसे, वांग्याच्या भरितावर होत असे. हिवाळा लागला की नवं गिऱ्हाईक आपल्या मळ्यात भरीतपार्टी ठेवायचं, भाऊ टीमला गाडीत कोंबून न्यायचे, आणि पानावर भरीत पडलं की बोलणी सुरू. गिऱ्हाईक म्हणायचं, सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे. भाऊ म्हणायचे, होऊन जाईल. हात धुवायच्या आत तारीख ठरलेली असायची. आणि जो कोणी त्या पंगतीत बसून जेवला, त्याचा होकार आपोआप धरला जायचा. भरीत खाऊन वर 'नाही' म्हणणारा माणूस आपल्या खानदेशात अजून जन्मायचाय, असं भाऊ मोठ्या कौतुकानं सांगत. तो माणूस जन्मून चांगला मोठा झाला होता आणि त्यांच्याच कंपनीत टीम लीड होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तिचं नाव सुलक्षणा.

सुलक्षणा धुळ्याकडची. दिसायला शांत, बोलायला कमी, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर जागची हलायची नाही. याला तिच्या घरचे हट्ट म्हणत आणि ऑफिसातले ॲटिट्यूड. काम मात्र ती अशी चोख करायची की भाऊ तिला सोसत होते. खूश असले की 'सुलक्षणाताई' म्हणायचे, चिडले की 'मॅडम'.

गेल्या वर्षी बोदवडकडच्या एका जिनिंगवाल्याचं काम असंच भरितावर ठरलं होतं. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिला नंबर द्यायचे, एवढंच भाऊंनी ऐकलं आणि पुढचा घास घेतला. टीमनं राबून राबून केलं. जो आधी आला त्याचा नंबर आधी, यात विचारायचं काय? पण उद्घाटनाच्या दिवशी कळलं, की मालक कापूस बघून गाडी आत घेतो. कोरडा माल आधी, ओला मागे. मोबाईलवर पहिला नंबर मिळालेले शेतकरी फाटकाशी उभे, आणि मालक मागच्या गाड्यांना हाका मारतोय. मग जे व्हायचं तेच झालं. शिव्यांचा पाऊस पडला आणि मालकानं सॉफ्टवेअरच चुकीचं ठरवलं.

आता चुकलं म्हटल्यावर चुकणारं माणूस लागतं. भाऊंनी डिंपलला शोधून काढलं. डिंपल जामनेरची, टीममधली सगळ्यांत नवी, टेस्टिंग करणारी. जे करायला सांगितलं ते बरोबर चालतंय की नाही हे बघणं तिचं काम, आणि ते बरोबरच चाललं होतं. तरी भाऊ तिला गाडीत घालून बोदवडला घेऊन गेले आणि जिनिंगवाल्यासमोर हात जोडून माफी मागायला लावली. सुलक्षणा तेव्हा भावाच्या लग्नाला धुळ्याला गेली होती. परत आल्यावर डिंपलनं तिला हे सगळं हसत हसत सांगितलं. 'जाऊ द्या ना ताई, एकदा सॉरी म्हटलं तर काय बिघडलं?' त्या हसण्यानं सुलक्षणाच्या मस्तकात तिडीक गेली. पोरगी रडली असती तर एक वेळ बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर तीन मोठे चौकोन काढले. एकात लिहिलं विचारणं, दुसऱ्यात ठरवणं, तिसऱ्यात बांधणं. डिंपल आणि ललित समोर बसले होते. ललित म्हणजे टीममधला सगळ्यांत हुशार पोरगा, हातात जादू, पण देवानं त्याच्या तोंडात 'नाही' हा शब्द घालायचा राहून गेला होता.

'आपण या तिन्हीला मिळून प्लॅनिंग म्हणतो आणि तिथेच फसतो,' सुलक्षणा म्हणाली. 'पहिल्या टप्प्यात फक्त विचारायचं. हे वापरणार कोण, तो माणूस आज ते काम कसं करतो, त्याचं दुखतं कुठे. तेव्हा कोड नाही, स्क्रीन नाही. दुसऱ्यात ठरवायचं, काय करणार आणि काय करणार नाही. काय करणार नाही हे सांगायची आपल्याला लाज वाटते. ती सोडायची. आणि मग बांधायला घ्यायचं. तारीख द्यायची ती दुसरा टप्पा संपल्यावर. त्याच्याआधी दिलेली तारीख म्हणजे थाप.'

'पण भाऊ तर...' ललित चाचरला.

'भाऊंना मी सांगते.'

भाऊंना फळा फार आवडला. त्यांनी त्याचा फोटो काढला, कंपनीच्या वेबसाइटवर 'आमची कार्यपद्धती' म्हणून टाकला, आणि त्याच संध्याकाळी फोनवर एका गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली. सुलक्षणा बघत राहिली. या माणसाशी भांडावं तरी कसं, हा तिला खरोखरीचा प्रश्न पडला, कारण तो तिच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवायचा.

आणि मग चोपड्याचं काम आलं. चोपड्याकडे पंडितनाना म्हणून केळीचे मोठे व्यापारी. शेतकऱ्यांच्या बागेत आपली टोळी पाठवून घड कापायचे, पॅकहाऊसमध्ये आणून धुवून खोक्यांत भरायचे आणि गाड्या उत्तरेकडे रवाना करायच्या, असा त्यांचा धंदा. त्यांना आता सगळं मोबाईलवर हवं होतं, आणि तेही आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा आपल्याकडे लेकी माहेरी येतात, जावई येतात, अख्खं गाव झोके घेतं. त्या दिवशी सगळ्या जावयांसमोर बटण दाबायचं, अशी नानांची हौस होती. भरीतपार्टी रविवारी ठरली.

शुक्रवारी भाऊंनी सुलक्षणाला केबिनमध्ये बोलावलं. 'रविवारी पंगतीत तू बोलायचं. नाना विचारतील, आखाजीला होईल का. तू म्हणायचं, होईल. टीम लीडनं सांगितलं की वजन पडतं.'

'काय होईल, भाऊ?'

'काम होईल.'

'कुठलं काम? तुम्ही त्यांच्या पॅकहाऊसमध्ये गेला आहात? तिथे कोणाशी बोललात? मला पहिला टप्पा द्या. मी, ललित, डिंपल जातो, बसतो, विचारतो. मग ठरवतो आणि मग तारीख सांगतो. आखाजी निघाली तर आखाजी सांगीन, श्रावण निघाला तर श्रावण.'

'आखाजी किती लांब आहे, बघितलंस का? विचारायला नंतर वेळच वेळ आहे.'

'नंतर विचारलं की बोदवड होतं.'

भाऊंचा चेहरा बदलला. 'मॅडम, एक लक्षात घ्या. रविवारी तुम्ही होईल म्हणाला नाहीत, तर सोमवारी तुमच्या खुर्चीवर ललित बसेल. तो नाही म्हणत नाही.'

सुलक्षणा बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. खुर्ची तिला प्यारी होती, खोटं कशाला सांगायचं? ती तिनं कमावली होती. पुण्याहून आलेली बोलावणी नाकारून ती जळगावात राहिली होती, ती इथे स्वतःच्या हातानं एक टीम उभी करता येईल म्हणून. पण 'होईल' म्हटलं तर ही टीम पुन्हा अंधारात विटा रचत बसणार, आणि शेवटी डिंपल नाहीतर ललित, कोणीतरी पोर, चोपड्याला हात जोडून उभं राहणार. ते तिला मरेस्तोवर चालणार नव्हतं. 'मी होईल म्हणणार नाही,' तिनं जागेवर येऊन त्या दोघांना सांगून टाकलं. ललितनं मान खाली घातली, कारण भाऊंनी त्याला आधीच बोलावून या खुर्चीचं सांगितलं होतं.

रविवारी तापीचा पूल ओलांडून गाडी चोपड्याकडे निघाली. भाऊ पुढे बसून गाणी गुणगुणत होते. मागे तिघं बाहेर बघत बसली होती.

मळा देखणा होता. एका बाजूला केळीच्या बागा, मागे सातपुड्याची निळी रेघ. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती आणि दोन गडी बडजी म्हणतात त्या लाकडी भांड्यात ती ठेचत होते. हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा असा ठसका उठला होता की भाऊंना गाडीतून उतरतानाच शिंक आली. पंडितनाना पुढे आले, धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, बोलणं थोडं आणि डोळे चौकस. त्यांच्या मागे धाकटा भाऊ जीवराम, पॅकहाऊसवर माल उतरवून त्याची प्रत ठरवणारा. सून ज्योत्स्ना, जी ऑफिसचे फोन सांभाळायची. आणि सगळ्यांवर हुकमत चालवणारी नानांची बायको पुष्पाबाई, जिला सगळा मळा अक्का म्हणायचा.

केळीची पानं मांडली गेली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली, भरीत आलं. भाऊ नानांच्या शेजारी मांडी घालून बसले. ललित बसला, डिंपल बसली. सुलक्षणा उभीच राहिली.

'बस की,' भाऊ हळूच म्हणाले.

'नको.'

'अगं, सगळे बघताहेत.'

'म्हणूनच उभी आहे, भाऊ.'

अक्का हातात भरिताचं पातेलं घेऊन तिच्यासमोर येऊन थांबल्या. 'काबरं वं पोरी? बठ ना. थंडं व्हई जाई.'

सुलक्षणा त्यांच्याच बोलीत बोलली. ऑफिसात तिची ही बोली कोणी ऐकली नव्हती. 'जेवसू अक्का. पन आते नही.'

'मना वावरमाईन आजलगून कोणी उपाशी गयं नही!' अक्कांचा आवाज चढला. त्यांना ते लागलं होतं आणि लागणारच. पाहुणी येऊन पानावर बसत नाही म्हणजे घरावर थुंकल्यासारखं झालं. सुलक्षणालाही ते समजत होतं, आणि या बाईचा अपमान आपल्या हातून होतोय याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. पण ती हलली नाही.

नानांनी घास खाली ठेवला. 'काय व्हयनं पोरी? काय चुकनं आम्हनं?'

'तुमचं काही चुकलं नाही, नाना,' ती आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. 'आमच्या कंपनीत अशी पद्धत आहे, की पंगतीत बसून जेवलं की कामाला आणि तारखेला हो म्हटल्यासारखं होतं. आम्ही तुमचं पॅकहाऊस पाहिलेलं नाही. तुमच्या घरात कोणाला काय हवंय, हे कोणाला विचारलेलं नाही. बाग न बघता तुम्ही कधी केळीचा भाव बोलता का? मग मी तारीख कशी बोलू?'

भाऊ मोठ्यानं हसले. असं हसणं त्यांना चांगलं जमायचं. 'नाना, या मॅडम जरा पुस्तकी आहेत. आमचा ललित सांगतो तुम्हाला. सांग रे ललित, आखाजीला होईल ना?'

ललितच्या हातात पुरी होती. त्यानं एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा पुरीकडे. सुलक्षणाकडे पाहायचं त्याला धैर्य झालं नाही. 'होईल,' तो म्हणाला.

ललित असं म्हणेल हे सुलक्षणाला ठाऊक होतं, तरीही तिला ते लागलं. पण रागावून निघून जाण्याइतकी ती कच्ची नव्हती. ती त्याच्या पानासमोर उकिडवी बसली आणि अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, 'काय होईल, ललित?'

'सॉफ्टवेअर.'

'ते काय करेल?'

ललित पुरीचे तुकडे करू लागला.

'त्यामा काय इचारनं?' नाना मदतीला धावले. 'गाडी कोठे पोचनी, ते माले घरबठ्या दिखनं पायजे. बस.'

'गाड्या देखीसन काय करशी, दादा?' पलीकडून जीवरामकाका म्हणाले. 'पॅकहाऊसमा कोना माल कसा उना, त्याना फोटो पायजे. मी मालनी प्रत सांगस, आनि शेतकरी रोज मनासंगे भांडतस.'

ज्योत्स्ना वाढता वाढता थांबली. ती बारावीपर्यंत धुळ्यात शिकलेली, बोलणं शहरी. 'नाना, मला तर वाटलं होतं कापणीच्या नंबराचं करताहेत. दिवसभर मला फोन येतात, आमच्या बागेत टोळी कधी येणार, आमचा माल पिकून चाललाय. तो नंबर प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या मोबाईलवर दिसला, तर माझे निम्मे फोन बंद होतील. मी सगळ्यांना सांगूनही टाकलंय, आखाजीपासून नंबर दिसेल म्हणून.'

नानांचा हात पानावरच थबकला. 'कोले सांगं तू?'

'फोन आले त्या सगळ्यांना.'

'नंबर दिखाडना नही,' नाना म्हणाले.

'का पण?'

उत्तर दिलं ते जीवरामकाकांनी, पातीच्या कांद्याचा कडकन तुकडा तोडत. 'नंबर दिखना म्हंजे सासरवाडीनी कापणी पह्यले कशी व्हई?'

पंगतीच्या टोकाला कोणीतरी फिस्सकन हसलं. वाढणारे गडी एकाएकी बडजीकडे काम काढून निघून गेले. अक्कांनी पातेलं दाणकन खाली ठेवलं, कारण नानांची सासरवाडी म्हणजे त्यांचं माहेर. 'जीवराम! मना भाऊसनं नाव लेवानं नही हां, सांगी ठेवस!'

'मी कोठे नाव लिधं?'

'मंग कोनी लिधं?'

नाना दोघांना दटावू लागले, ज्योत्स्ना नानांना विचारू लागली, की आता मी त्या शेतकऱ्यांना काय तोंड दाखवू, आणि जीवरामकाका जुन्या कुठल्याशा कापणीची गोष्ट काढून बसले. भरीत खरोखरच थंड होत चाललं. भाऊ मधूनमधून 'होऊन जाईल, होऊन जाईल' म्हणत होते, पण नक्की काय होऊन जाईल हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुलक्षणा उभी राहिली. 'भाऊ, ऐकलंत? हे घरच्या घरी तिघांना तीन गोष्टी हव्या आहेत, आणि त्यातली एक दुसऱ्याला नको आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, नाना, सगळीकडे असंच असतं. पण हे आज निघालं ते बरं झालं. नाहीतर आखाजीला निघालं असतं, तुमच्या जावयांसमोर. तुम्ही भाऊंना बोलला असता, आणि भाऊंनी या पोरीला इथे आणून तुमच्यासमोर हात जोडायला लावले असते.' तिनं डिंपलकडे बोट केलं. 'बोदवडला लावले तसे. ते मी आता होऊ देणार नाही. मला तुमचं काम करायचंय आणि चांगलं करायचंय. पण आधी विचारीन. तुम्हाला, काकांना, ज्योत्स्नाताईंना, टोळीतल्या माणसांना, आणि ज्यांची बाग आहे त्यांना. तोवर मी कोणतीही तारीख देणार नाही, कोणी कितीही भरीत वाढलं तरी.'

डिंपल या वेळी हसत नव्हती. तिनं पानावरून हात मागे घेतला होता.

भाऊंच्या कपाळावर घाम आला. गिऱ्हाइकासमोर कंपनीचं धुणं धुतलं गेलं होतं. 'मॅडम, पुरे!' ते ओरडले. 'सोमवारची वाट कशाला बघायची? आत्तापासून तुम्ही लीड नाही. लीड ललित. संपला विषय.'

घाव बसला होता. इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात, तीही परक्यांच्या पंगतीत, काढून घेतली गेली होती. सुलक्षणाला वाटलं, डोळ्यांत पाणी येणार. ती मुद्दाम सातपुड्याकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तिला चक्क हसू फुटलं.

'अक्का,' ती वळून म्हणाली, 'एखादं पान शे का?'

अक्का गोंधळल्या. 'शे ना माय. पन तू त...'

'आते मी लीड नही. आते मी पाव्हणी. वाढा.'

ती डिंपलच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसली. अक्कांचा दिरावरचा राग अजून उतरला नव्हता, तो सगळा त्यांनी वाढण्यात काढला. पानावर भरिताचा डोंगर झाला. सुलक्षणानं पहिला घास घेतला. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, आणि आता ते कोणाला लपवायचं कारण उरलं नव्हतं.

भाऊंना जरा धीर आला. 'बसली ना शेवटी! नाना, मी म्हणत नव्हतो?'

'मी पाहुणी आहे, भाऊ,' सुलक्षणा घास चावत म्हणाली. 'माझ्या जेवण्यानं कोणाची तारीख ठरत नाही. तुमचा लीड तो बसलाय, त्याला विचारा.'

नानांनी खरोखरच त्याला विचारलं. व्यापारी माणूस, सौद्याचा धागा सोडत नाही. 'मंग काय रे भाऊ, तू आते मोठा साहेब. या तिन्हीमाईन काय करशी तू आखाजीले?'

ललितनं हातातली पुरी पानावर ठेवली. 'माले ठाऊक नही, नाना,' तो आपल्या घरच्या बोलीत म्हणाला. 'मी उगाच हो म्हटलं. ताई विचारतात तेच आधी विचारायला पाहिजे. आणि भाऊ, मी लीड होणार नाही.' शेवटचा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तो स्वतःच दचकला.

आता नानांची नजर भाऊंवर आली आणि तिथेच थांबली. 'हितेंद्रभाऊ, मंग तुम्हीच सांगा. आखाजीले तुम्ही माले काय देशात?'

भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. होऊन जाईल म्हणायला त्यांचे ओठ उघडले, पण जीवरामकाका आणि ज्योत्स्ना दोघंही त्यांच्याकडे रोखून बघत होते, आणि दोघांना वेगळं उत्तर हवं होतं. त्यांनी मान वळवली. 'सुलक्षणाताई, जरा सांगतेस का यांना?'

'मी जेवतेय, भाऊ.'

'अगं...'

'अक्का, पुरी द्या ना अजून एक.'

अक्कांनी पुरी दिली. सगळे भाऊंचं तोंड बघत होते, आणि सुलक्षणा शांतपणे पुरीत भरीत भरत होती. भाऊ उठले, वाकून तिच्या पानाशी आले आणि कानाशी लागून म्हणाले, 'बरं बाई. लीड तूच. आता सांभाळून घे.'

'तारखेचं काय?' तिनं विचारलं.

'तारखेचं बघू नंतर.'

'बघू नाही. आज तारीख नाही. आणि आमचं विचारून, ठरवून झाल्याशिवाय तुम्ही कोणालाही ती देणार नाही. यांनाही नाही आणि यांच्यानंतर येणाऱ्यांनाही नाही. कबूल असेल तर सांगा, नाहीतर मी आपली पाहुणीच बरी.'

भाऊंनी दात आवळले. एक क्षण असा गेला की सुलक्षणाला वाटलं, हा माणूस आता गाडी काढून एकटाच जळगावला निघून जाईल. जाऊ दे, तिनं मनात म्हटलं. बसनं जाईन, पण हे गिळणार नाही.

'आज तारीख नाही,' भाऊ पुटपुटले.

'मला नका सांगू. नानांना सांगा. आणि मोठ्यानं सांगा, भाऊ, तिकडे काकांपर्यंत जायला पाहिजे.'

भाऊ सरळ उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढला, घसा खाकरला, आणि भरल्या पंगतीत आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणाले, 'नाना, आखाजीचं मी कबूल करत नाही. आम्हाला तुमच्या कामातलं अजून काहीच माहीत नाही. आधी विचारतो.'